चावीचं छोटं लेडीज घड्याळ बंद पडलंय? जोर कुठे अडकलाय ते असं शोधा

कपाटातून आईचं किंवा आजीचं घड्याळ निघतं, एचएमटी सुजाता नाहीतर एखादं जुनं स्विस, आणि सोबत एक वाक्य ठरलेलं असतं, "अगं जास्त चावी बसली ना, म्हणून बंद पडलं". असं होत नाही. चावी फिरायची थांबली म्हणजे आतली कमान पूर्ण गुंडाळली गेली, बस. मशीन ठीक असेल तर तीच कमान पुढचे ३६-४० तास सुटत राहते. कमान भरलेली आहे आणि तरी घड्याळ ढिम्म, म्हणजे जोर आहे पण पुढे पोचत नाहीये, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण एकच, आतलं तेल वाळून चिकट झालंय.

जोर जातो कसा ते आधी बघू. बॅरल नावाच्या दातेरी डबीत कमान, बॅरलचे दाते सेंटर व्हील फिरवतात (तासाला एक फेरा, मिनिटकाटा याच्यावर), मग थर्ड व्हील, फोर्थ व्हील, एस्केप व्हील, त्यापुढे पॅलेट फोर्क (एस्केप व्हीलला एकेक दाता सोडणारी छोटी फाटेदार पट्टी) आणि शेवटी बॅलन्स (मागेपुढे डोलणारं चाक). तबकडीवर १७ ज्वेल्स लिहिलेलं असतं ते याच रस्त्यावरचे खडे: बॅलन्सचे ५, पॅलेटचे ४ आणि चार चाकांना दोन दोन. पुरुषांच्या घड्याळातही हेच सगळं असतं, पण इथे ते जेमतेम १२ मिमी रुंदीत बसवलंय, कारण जुन्या लेडीज घड्याळात ५¼ लाइनचं मशीन अगदी कॉमन आणि एक लाइन म्हणजे सुमारे २.२६ मिमी. कमान बारीक, म्हणून जोरही थोडा. मोठं घड्याळ जो कचरा पचवून चालत राहतं त्याच कचऱ्याने हे थांबतं.

आता मागचं झाकण. कडेला बारीक खाच असेल तिथे पातं घालून हळू पिळायचं. खाच कुठेच दिसत नसेल तर जोर लावू नका, काही चौकोनी घड्याळं पुढून उघडतात आणि त्यांची चावीची दांडी दोन तुकड्यांची असते, ते काम घड्याळजीकडेच द्या.

उघडलं की चावीला दोन-तीनच वळसे द्या आणि आयग्लासमधून (डोळ्याला लावायचं भिंग) बॅलन्स बघा. ब्लोअरने (तोंडाने नको, थुंकी उडते) हलकी फुंकर मारा. बॅलन्स मोकळा डोलला, थोडा वेळ चालला आणि दमला, तर सर्व्हिसिंग हवी, तुटलेलं बहुधा काही नाही. डोलतच नसेल किंवा एका बाजूला कललेला दिसत असेल तर पिव्हट, म्हणजे त्याच्या आसाचं टोक, गेलाय. हा पिव्हट केसाएवढा, एका मिलीमीटरच्या दहाव्या भागाहून बारीक, आणि जुन्या छोट्या मशिनींत कित्येकदा शॉकप्रूफ नसतंच, त्यामुळे घड्याळ एकदा फरशीवर पडलं की संपलं. बॅलन्स मस्त चालतोय पण काटे जागचे हलत नाहीत? मग आधी सेंटर व्हीलवर घट्ट बसणारा कॅनन पिनियन (मिनिटकाटा ज्यावर बसतो ती दातेरी नळी) बघा, तो सैल झाला की मशीन चालतं आणि काटे उभे राहतात.

पुढची टेस्ट ज्यांचा हात बसलाय त्यांच्यासाठीच. बॅलन्स कॉकचा (बॅलन्सला वरून धरणारी पट्टी) स्क्रू काढून बॅलन्स उचलून बाजूला ठेवा, हेअरस्प्रिंग (बॅलन्सची बारीक वेटोळ्यांची स्प्रिंग) ताणली जाणार नाही असा, आणि सुईने पॅलेट फोर्कला जरासं ढकला. तो टचकन दुसऱ्या बाजूला जाऊन आपटला पाहिजे. आपटला तर जोर इथपर्यंत येतोय आणि दोष बॅलन्सचा. मलूल सरकला किंवा तिथेच राहिला तर अडथळा मागे कुठेतरी चाकांमध्ये.

पण कमान भरलेली असताना पॅलेटचा ब्रिज (फोर्कला वरून धरणारी पट्टी) काढायचा नाही म्हणजे नाहीच. सगळी चाकं एकदम सुसाट सुटतात आणि दाते नाहीतर पिव्हट मोडतात. आधी चावी बोटात घट्ट धरा, छोटा क्लिक (कमान उलटी सुटू न देणारा खटका) मागे दाबा आणि चावी बोटांतून हळूहळू सुटू द्या. दांडी काढताना सेटिंग लिव्हरचा (दांडीला आत अडकवून ठेवणारी पट्टी) स्क्रू अर्धा ते एकच वळसा सैल करा, पूर्ण काढला तर आतली लिव्हर पडते आणि मग तबकडी, काटे सगळंच उघडावं लागतं. क्राउन व्हीलचा (चावीची फिरकी कमानीकडे नेणारं चाक) स्क्रू बऱ्याचदा उलट्या आट्याचा असतो, डोक्यावर तीन खाचा दिसल्या की तसंच समजा. फिरत नाही म्हणून जोर लावला की डोकं तुटून हातात येतं.

तेलाचं म्हणाल तर वरून थेंब सोडणं हा सगळ्यात वाईट उपाय, आणि शिवणयंत्राचं तेल तर नकोच, ते पसरतं आणि हेअरस्प्रिंगला लागलं की वेटोळी एकमेकांना चिकटतात. आधी सगळं सुटं करून धुवायचं. फोर्कचे खडे आणि बॅलन्सवरचा खडा लाखेने बसवलेले असतात, ते स्पिरिटमध्ये बुडवले तर लाख विरघळते, त्यासाठी पेट्रोल बरं. मग वेगात फिरणाऱ्या पिव्हट्सना मोबियस ९०१० सारखं पातळ तेल, सावकाश फिरणाऱ्यांना जाड, आणि पॅलेट फोर्कचे पिव्हट कोरडेच ठेवायचे.

घड्याळ चालतंय पण तासाला पाच-दहा मिनिटं पुढे पळतंय, तर रेग्युलेटरला (वेग कमी-जास्त करायचा छोटा काटा) हात लावू नका. वेटोळी तेलाने किंवा चुंबकाने चिकटली असणार. जवळ होकायंत्र धरा, सुई थरथरली तर चुंबकच. पर्सच्या आणि मोबाइल कव्हरच्या बटणात चुंबक असतात, आणि हे घड्याळ राहतं नेमकं पर्समध्येच. डिमॅग्नेटायझरने (चुंबकत्व घालवायचं यंत्र) काम मिनिटभरात होतं.

दिवसाला दोन-चार मिनिटांचाच फरक असेल तर मात्र रेग्युलेटर. कॉकवर प्लस-मायनस किंवा एफ-एस असतं, फ्रेंच खुणांचं असेल तर ए म्हणजे जलद, आर म्हणजे मंद. काटा दिसेल न दिसेल इतकाच सरकवा, रोज सकाळी ठरल्या वेळी फुल चावी द्या, दिवसभर हातात घाला आणि दुसऱ्या दिवशी बघून मगच परत हलवा. दिवसाला मिनिटभर मागेपुढे राहिलं तर एवढ्याशा मशीनकडून मी त्याहून जास्त मागत नाही.