तळ्याचा बांध मे महिन्यातच पाहून घ्या
कोकणातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळत असल्याने, तळ्याकाठी घर किंवा बाग असणाऱ्यांनी सांडवा, म्हणजे तळ्यातले जादा पाणी बाहेर सोडणारी वाट, मे महिन्यातच मोकळा करून घ्यावा. त्यात झावळ्या आणि गाळ अडकून राहिला, तर पाणी मातीच्या बांधावरून वाहू लागते आणि बांध काही तासांत फुटू शकतो. मालवण तालुक्यातील धामापूरचा १५३० साली बांधलेला तलाव आजही पाणी धरून आहे, पण असे आयुष्य देखभालीशिवाय लाभत नाही.

बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी पाझर दिसल्यास ते पाणी काचेच्या पेल्यात धरून थोडा वेळ स्थिर ठेवावे. नितळ राहिले, तर रोज लक्ष ठेवावे. तळाशी माती बसली, तर बांध आतून पोखरला जात आहे असे समजून त्याच दिवशी ग्रामपंचायतीला कळवावे. खेकड्यांची आणि घुशींची बिळे उन्हाळ्यातच चिकणमातीने ठासून बुजवावीत.

लाटांनी झिजणाऱ्या उतारावर पहिल्या सरींनंतर वाळ्याची रोपे वीतभर अंतराने आडव्या ओळींत लावावीत, कारण त्याची मुळे सरळ खोल जाऊन माती धरतात. जांभ्याचे चिरे रचताना मात्र सगळे सांधे सिमेंटने बंद करू नयेत. मागे साठलेल्या पाण्याला वाट मिळाली नाही, तर भक्कम भिंतही पुढे ढकलली जाते.