जाळ्यातला ज, जेटीतला ज : इंग्रजी अध्यापनाचे ऑनलाइन प्रमाणपत्र घेताना

दापोली तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी अकरा वर्षे शिकवत आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या मुलांना पहिलीपासून इंग्रजी आहे. पण ज्या मुलांच्या घरात, बाजारात आणि बंदरावर इंग्रजीचा एक शब्दही कानी पडत नाही त्यांना ती दुसरी भाषा म्हणून कशी शिकवावी, हे मला डी.एड.मध्ये नीट शिकायला मिळाले नव्हते. त्यासाठी मी ऑनलाइन अभ्यासक्रमांकडे वळले.

पहिली निवड घाईत झाली. एका खाजगी संकेतस्थळावर ‘१२० तास’ असे ठळक लिहिलेले होते. मी पैसे भरले, बहुपर्यायी प्रश्न सोडवले आणि चौथ्या दिवशी प्रमाणपत्र आले, तोवर माझा एकही पाठ कोणी पाहिलेला नव्हता. केंब्रिजचा ‘सेल्टा’ हा इंग्रजी अध्यापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही साधारण १२० तासांचाच असतो, परंतु त्यात प्रशिक्षणार्थीला प्रत्यक्ष विद्यार्थ्यांना ६ तास शिकवावे लागते, त्या पाठांचे निरीक्षण होते आणि चार लेखी स्वाध्यायही द्यावे लागतात. म्हणून नवीन शिक्षकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की तासांचा आकडा पाहण्याआधी ‘माझा पाठ कोण पाहणार?’ हे विचारावे.

सेल्टा महाग आहे आणि त्याला इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व लागते. केंब्रिजचीच ‘टीकेटी’ ही शिक्षकांच्या अध्यापनविषयक ज्ञानाची परीक्षा त्या मानाने आवाक्यातली आहे : तीन मुख्य भाग, प्रत्येक भागात ८० मिनिटांत ८० प्रश्न, आणि नापास असा शेरा नाही, फक्त १ ते ४ अशी श्रेणी. मी मात्र ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा, भाषाशिक्षणावरील अभ्यासक्रम घेतला. तिथे शिकणे विनामूल्य असते, शुल्क प्रमाणपत्राच्या परीक्षेचे असते. स्वाध्यायांना २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के भार असतो. डी.एल.एड. (पूर्वीचे डी.एड.), बी.एड. किंवा शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) यांची जागा यांपैकी कोणतेही प्रमाणपत्र घेत नाही, हे आधीच समजून घ्यावे.

पाठ पाहणारे मात्र इथेही कोणी नव्हते, म्हणून ती सोय मी स्वतः केली. पाचवीच्या वर्गातील कपाटावर मोबाइल टेकवून अर्ध्या तासाचा पाठ चित्रित केला आणि रात्री घड्याळ हाताशी घेऊन पाहिला. तीसपैकी बावीस मिनिटे मीच बोलत होते. मुलांच्या वाट्याला ‘यस बाई’ एवढेच आले होते, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी मनाशी काहीतरी पुटपुटत होती ते मला वर्गात दिसलेच नव्हते. ते पाहून मला फार वाईट वाटले. शेजारच्या शाळेतील एका बाईंनाही मी ते दाखवले. त्यांनी सुचवले, की प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजून मगच पुढे बोलावे. दुसऱ्याच आठवड्यात ती मागची मुलगी उत्तर देऊ लागली.

अभ्यासक्रमातील दुसऱ्या एका गोष्टीने माझे शिकवणे बदलले : मुलांच्या भाषेत आधीच असलेले सामर्थ्य वापरणे. माझी मुले ‘झू’ आणि ‘झीरो’ यांतला पहिला ध्वनी ‘जू’, ‘जीरो’ असा काढत. मी फळ्यावर ‘जाळे’ आणि ‘जेटी’ हे दोन शब्द लिहिले आणि मोठ्याने म्हणायला लावले. अक्षर एकच, पण जीभ दोन ठिकाणी लागते हे कोळ्यांच्या मुलांनी लगेच ओळखले. जाळ्यातला ज धरून ती ‘झू’पर्यंत पोहोचली. प्रश्नांचेही तसेच : मराठीत ‘का’ शेवटी येतो म्हणून मुले ‘यू आर कमिंग का?’ म्हणतात. ते चूक म्हणून खोडण्याऐवजी मी आता तो ‘का’ इंग्रजीत वाक्याच्या आरंभी कोणत्या रूपाने जातो, हे मुलांकडूनच शोधून घेते.

वेळापत्रकाबद्दल एक सांगते. एनपीटीईएलची सत्रे साधारणपणे जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. मी जुलैत नाव नोंदवले आणि पावसात दोन दोन दिवस वीज नसल्याने दोन स्वाध्याय बुडाले. किनाऱ्यावरच्या शिक्षकांनी जानेवारीचे सत्र घ्यावे. जुलैतच घ्यायचे असेल तर वीज आणि रेंज असेल त्या दिवशी पुढच्या आठवड्याचे व्हिडिओ उतरवून ठेवावेत आणि स्वाध्याय शेवटच्या तारखेवर टाकू नयेत.