मरळीसाठी पांगाऱ्याचा बेडूक: कोरण्यापासून विकण्यापर्यंत

बास ही गळ टाकणाऱ्यांची आवडती मासळी, पण सोलापूरच्या पाण्यात ती नाही. ती मूळची उत्तर अमेरिकेतली. इथे आणून सोडायचा विचारही कुणी करू नये. बाहेरची चिलापी उजनीत कशी पसरली ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. पण बाससाठी शंभर-सव्वाशे वर्षांत जी लाकडी, प्लास्टिकची आमिषं निघाली, त्यातली बरीच मरळीला जशीच्या तशी लागू पडतात. दोघी दबा धरून बसणाऱ्या, दोघींना गवताची कड आवडते आणि पाण्यावर काही फडफडलं की दोघी खालून झडप घालतात. मरळ तर हवा घ्यायला स्वतःहून वर येते, म्हणजे तरंगणाऱ्या आमिषासाठी ती आणखी सोयीची.

बासच्या आमिषांच्या धंद्यात जेम्स हेडन हे नाव फार जुनं. मिशिगनमधल्या डोवॅजियाकचा हा मधमाश्या पाळणारा माणूस 1890 च्या दशकात लाकडाचे बेडूक कोरत असे. आपणही बेडकापासूनच सुरुवात करू. एकरुखच्या तलावात किंवा उजनीच्या फुगवट्यात जलपर्णीच्या कडेला तीन काट्यांचा गळ लटकवलेलं आमिष दोन फेकींत अडकतं. बेडकाला मात्र दुहेरी गळ लावून त्याची टोकं अंगालगत वर ठेवता येतात, आणि तो पानांवरून सरकत येतो.

लाकूड पांगाऱ्याचं घ्या. वखारीत ते बहुधा मिळत नाही. बांधावरची तोडलेली फांदी शोधायची, साल काढून सावलीत निदान महिनाभर वाळवायची. उन्हात टाकली तर तडकते. सुताराकडे सागवानाचे तुकडे फुकट पडलेले असतात म्हणून ते उचलू नका. कारण हिशेबात आहे. बेडूक 5.5 सेंमी लांब, 2.4 सेंमी रुंद आणि 1.9 सेंमी उंच धरला, तर अंडाकृती आकाराचं आकारमान साधारण 13 घन सेंमी होतं. म्हणजे सगळं मिळून वजन 13 ग्रॅमच्या आत राहिलं तरच तो तरंगेल. पांगाऱ्याची घनता 0.3 च्या आसपास, म्हणून लाकूड 4 ग्रॅम. गळ 4, शिसं 2, तार-रंग-एपॉक्सी मिळून दीड. झाले साडेअकरा, तरंगायला दीड ग्रॅम शिल्लक. सागवानात नुसतं लाकूडच साडेआठ ग्रॅम भरतं आणि बेरीज सोळावर जाते. असा बेडूक दगडासारखा बुडतो.

पुठ्ठ्यावर वरून आणि बाजूने दिसणारे दोन आकार कापून लाकडावर उतरवा. कोरण्याआधी मधोमध पेन्सिलीची रेघ चारही बाजूंनी फिरवून घ्या. पुढची सगळी मापं या रेघेवरून. पोट जवळजवळ सपाट, पाठ गोल. तोंडाखालचा भाग होडीच्या नाळेसारखा वर उचललेला हवा, नाहीतर ओढताना बेडूक पाण्यात घुसतो. चाकूने आकार आला की 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220.

आता पोटावर रेघेवरून करवतीच्या पात्याने उभी खाच पाडा, खोली 6 ते 7 मिमी. 0.8 मिमी स्टेनलेस तार घ्या. एका टोकाला नाकासाठी कडी वळवा, तार खाचेतून मागे न्या आणि नाकापासून 3.5 सेंमीवर पोटाखाली दुसरी कडी काढा. दोन्ही कड्यांना तीन-तीन वेढे. तारेऐवजी डोक्याला कडी असलेल्या छोट्या स्क्रूने काम झटपट होतं, पण पांगारा मऊ आहे. दोन किलोची मरळ गवतात मुसंडी मारते तेव्हा स्क्रू सुटून हातात येतो आणि मासा तोंडात गळ घेऊन जातो. अखंड तारेला पर्याय नाही.

शिसं कुठे बसवायचं, यावर बेडकाचं सगळं नशीब ठरतं. इथे घाई नको. चिकटवण्याआधी तार खाचेत ठेवा, गळ अडकवा, 2 ग्रॅम शिशाची पट्टी पोटाला रबरबँडने बांधा आणि बादलीत सोडा. बेडूक नाक वर, बूड थोडं खाली असा बसला पाहिजे. पाठीचा वरचा थर फक्त पाण्याबाहेर. आडवा पडून कुशीवर झुकला तर शिसं मधल्या रेघेवर नाही. नाक खाली गेलं तर ते पुढे आलंय, 3-4 मिमी मागे सरकवा. बोटाने उलटा करून सोडला आणि तो उलटाच राहिला, तर शिसं पोटात पुरेसं खाली बसलेलं नाही किंवा कमी पडतंय. जागा ठरली की खूण करा, तिथे खड्डा कोरून शिसं आत बसवा. शिसं वितळवण्याच्या भानगडीत पडू नका, त्याचा धूर विषारी असतो. जाळ्याची शिशाची गोळी हातोडीने चपटी केली की पुरे. नंतर हात साबणाने धुवा.

खाच सावकाश घट्ट होणाऱ्या एपॉक्सीने भरा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो तेव्हा हे मिश्रण डबीतच आवळून येतं, म्हणून एका वेळी दोन-तीन बेडकांपुरतंच कालवायचं, तेही सकाळी. मग लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या सँडिंग सीलरचे दोन हात. हा टप्पा टाळणारे पुष्कळ, आणि पहिल्याच दिवशी माशाच्या दातांनी पडलेल्या भोकातून पाणी आत जाऊन लाकूड फुगतं, रंगाचे पापुद्रे निघतात, ते इथेच. पावसाळ्यात दमट हवेत सीलर किंवा लॅकर मारलं तर पांढुरका धुरकट थर येतो. कोरड्या दिवसाची वाट पाहा.

रंग अ‍ॅक्रिलिक. मरळ खालून बघते, तिला पोट दिसतं. ते पांढरं किंवा फिकट पिवळं ठेवा. पाठीवरचे ठिपके, पट्टे, हिरव्या छटा यांवर भुलतो तो काउंटरवरचा गिऱ्हाईक, पण त्यालाही भुलवायचं आहेच. वरून एपॉक्सीचा पातळ थर द्या आणि पहिली चाळीस मिनिटं दर पाच मिनिटांनी बेडूक फिरवत राहा, नाहीतर पोटाखाली थेंब जमतो आणि बादलीत जुळवलेला तोल जातो.

शेपटीच्या झुपक्यासाठी बऱ्याच जणांच्या डोक्यात पहिल्यांदा लूमवरचं टाकाऊ सूत येतं. टॉवेलचं सुती सूत पाणी पितं, जड होतं आणि बेडकाचं बूड खाली खेचतं. पॉलिस्टरचा धागा घ्या, किंवा रबरी पट्ट्या. बारा-पंधरा धागे, लांबी 4 सेंमी, गळाच्या दांडीला घट्ट बांधलेले. 3/0 किंवा 4/0 मापाचा दुहेरी गळ स्प्लिट रिंगने (किल्ल्यांच्या कडीसारखी छोटी दुपदरी कडी) पोटाच्या कडीत अडकवा. त्याची टोकं बुडाच्या दोन्ही बाजूंनी वर, अंगापासून 2-3 मिमीवर यावीत. चिकटलेली असतील तर मासा लागत नाही, फार लांब असतील तर गवत लागतं.

काठी सात फुटी, ताठ. दोरी 40 ते 50 पौंडांची विणलेली; साधी नायलॉन ताणते आणि जलपर्णीतून मासा उचलता येत नाही. बेटकास्टर रीळ (फेकताना ज्याची चकरी स्वतः फिरते ते) असेल तर बेडूक पाण्यावर टेकायच्या क्षणी अंगठ्याने रीळ दाबा, नाहीतर दोरीचं घरटं होतं. केंटकीतल्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला असली गुणक रिळं (दांडा एकदा फिरवला की चकरी अनेकदा फिरणारी) बनवली, तेव्हापासून हे घरटं गळवाल्यांच्या मागे लागलंय. पाणी उसळलं की लगेच हिसका देऊ नका. मनात एक-दोन म्हणा, दोरीला वजन जाणवू द्या, मग ओढा. फसलेल्या दहा झडपांपैकी बऱ्याच या घाईमुळेच फसतात. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला तर तिथे बेडूक टाकू नका. खाली राखण करणारी जोडी असते, ती उचलली की थवा संपला. आणि तलावाचा मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे ते आधी विचारून घ्या.

विकायचं असेल तर आधी प्रत्येक नग पाण्यात ओढून बघा. फिनलंडच्या लॉरी रापालाने 1936 मध्ये बुचाच्या लाकडावर चॉकलेटची चांदी आणि वितळवलेल्या फोटोफिल्मचा लेप देऊन आपलं आमिष बनवलं. त्याचं नाव झालं ते टाकीत तपासून, हाताने चाल जुळवूनच माल बाहेर पाठवण्यामुळे. 1962 च्या ऑगस्टमध्ये ‘लाइफ’ मासिकात त्यावर लेख आला, योगायोगाने मर्लिन मन्रो मुखपृष्ठावर असलेल्याच अंकात, आणि मागणी पुरवता पुरवता नाकी नऊ आले. तपासलेला माल तयार नसता तर ती प्रसिद्धी उलटली असती. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ फिरला की तेच होतं: पन्नास जण विचारतात आणि हातात चार नग असतात. वीस तयार झाल्याशिवाय व्हिडिओ टाकू नये. त्यात मासा हातात धरलेला फोटो नको, पाण्यावर चालणारा बेडूक दाखवा. पाकिटाच्या कार्डावर वजन, लांबी, गळाचं माप आणि ‘तरंगतो’ एवढं छापा. मोठ्या कंपनीचं नाव किंवा चिन्ह बेडकावर रंगवू नका.

टेनेसीच्या फ्रेड यंगचं ‘बिग ओ’ हे हाताने कोरलेलं बाल्सा लाकडाचं आमिष इतकं कमी मिळे की स्पर्धेतले लोक ते भाड्याने घेत. ही युक्ती इथेही चालते. नियमित गळ टाकणाऱ्या पाच जणांना एकेक बेडूक अनामत घेऊन आठवडाभर द्या आणि तीनच गोष्टी लिहून आणायला सांगा: किती झडपा, किती लागल्या, किती वेळा गवत अडकलं. झडपा भरपूर आणि लागल्या कमी, तर गळाची टोकं बाहेर काढा. गवत जास्त, तर आत वाकवा. झडपाच नाहीत, तर शिशापाशी परत जा. परत आलेल्या बेडकाच्या पाठीवर दातांचे ओरखडे असतील तर त्याला पुन्हा रंग देऊ नका. भोकांत एपॉक्सीचा एकेक थेंब सोडा आणि तोच नमुना म्हणून दुकानात टांगा.