दोन फुटी टाकीत कोणते मासे एकत्र नांदतील? इंदूरच्या घरांसाठी निवडीची पद्धत

मासे आणायला दुकानात जाण्याआधी आपल्या न्हाणीघरातली बादली नीट पाहावी. तिच्या आतल्या कडेला पांढरट पुट चढले असेल, नळाच्या तोटीवर खडूसारखे कण साचत असतील आणि गीझरची कॉइल वारंवार खराब होत असेल, तर आपल्या घरचे पाणी जड आहे, म्हणजेच शाळेच्या पुस्तकात ज्याला कठीण पाणी म्हणतात तसे आहे. आणि टाकीत कोणते मासे सुखाने राहतील या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच मिळालेले आहे. बहुतेक लोक आधी मासा पसंत करतात आणि मग त्याच्यासाठी पाणी कसे तयार करायचे हे विचारत फिरतात. मला हा क्रम उलटा वाटतो. घरात जे पाणी वर्षभर सहज मिळते, त्या पाण्याचा मासा निवडावा, आणि मग त्याला साजेसे सोबती शोधावेत.

इंदूर माळव्याच्या पठारावर, काळ्या बेसॉल्ट खडकावर वसलेले आहे. या खडकाच्या भेगांत साठलेले बोरिंगचे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन वर येते. नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून उपसून शहरात आणले जाते आणि ते सहसा बोरिंगच्या पाण्याइतके जड नसते. अडचण अशी की शहराच्या बऱ्याच भागांत नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, मधल्या दिवशी बोरिंग चालू होते आणि दोन्ही पाणी एकाच हौदात पडते. त्यामुळे एका रविवारी टाकीत घातलेले पाणी आणि पुढच्या रविवारी घातलेले पाणी यांत बराच फरक असू शकतो. माशाच्या शरीराला आजूबाजूच्या पाण्याशी क्षारांचा हिशेब सतत जुळवावा लागतो. थोडे जड किंवा थोडे मृदू पाणी तो हळूहळू अंगवळणी पाडतो, पण दर आठवड्याला बदलणारे पाणी त्याला थकवते आणि थकलेला मासा आजाराला लवकर बळी पडतो. म्हणून टाकीचे पाणी नेहमी एकाच स्रोताचे घ्यावे. ज्यांच्याकडे हौद एकच आहे, त्यांनी नळ आलेल्या दिवशी दोन बादल्या थेट नळाखाली भरून वेगळ्या झाकून ठेवाव्यात.

पाण्याचा जडपणा मोजण्याच्या पट्ट्या किंवा थेंबांचे संच मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतात. त्यांवर जीएच या नावाने अंश दिलेले असतात. १ अंश म्हणजे एका लिटरमागे सुमारे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका जडपणा. आरओ दुरुस्तीला येणाऱ्या माणसाकडचा टीडीएस मीटर सगळेच क्षार एकत्र मोजतो, त्यामुळे तो केवळ अंदाज देतो. मोजमाप १२ अंशांच्या वर आले, तर गप्पी आणि प्लॅटी हे आपले मासे. ते मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातले असून जड आणि किंचित अल्कधर्मी पाणी त्यांना मानवते. मोजमाप ८ अंशांच्या खाली असेल, तर ॲमेझॉनच्या मृदू पाण्यातले निऑन आणि कार्डिनल टेट्रा किंवा त्यांचा छोटा नातलग एम्बर टेट्रा यांचा विचार करावा. या दोन्हींच्या मधल्या पाण्यात झेब्रा डॅनिओ, चेरी बार्ब, हनी गुरामी आणि तळाशी राहणारे कोरिडोरास चांगले रमतात. ज्यांना जड पाण्याच्या घरात टेट्राच ठेवायचे आहेत, त्यांनी आरओचे पाणी आणि नळाचे पाणी दर वेळी त्याच ठरलेल्या मापाने मिसळावे. नुसते आरओचे पाणी मात्र वापरू नये, कारण त्यात माशांना लागणारे क्षारच उरलेले नसतात. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा, खाली आणणारी बाटलीतली औषधे जड पाण्यात घालणे मी कधीच सुचवत नाही. पाण्यातले कार्बोनेट पीएचला पुन्हा वर ढकलतात आणि या चढउतारात मासे हकनाक मरतात.

आता टाकीचे माप. २४ इंच लांब, १२ इंच रुंद आणि १२ इंच उंच अशी जी सर्वसाधारण दोन फुटी टाकी असते, तिच्यात हिशेबाने साधारण ५६ लिटर पाणी मावते; वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की हाती ४५ लिटर उरते. एका सेंटिमीटर माशाला एक लिटर पाणी, हा नियम पुष्कळांनी ऐकलेला असतो. लहान आणि सडपातळ माशांपुरता तो ठीक आहे, पण तो पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीवर लावायचा असतो, दुकानात दिसणाऱ्या पिल्लाच्या लांबीवर नव्हे, आणि बहुतेक चुका इथेच होतात. दुकानात बोटभर दिसणारा ‘शार्क’ हा पंगासिअस असतो. तो मोकळ्या पाण्यात मीटरभराहून मोठा होतो. काच साफ करील म्हणून घेतलेला सकर दीड फुटापर्यंत वाढतो आणि मोठा झाल्यावर जेवढे शेवाळ खातो त्याहून कितीतरी जास्त घाण करतो. ऑस्कर फूटभर होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. गोल्डफिश वीतभर वाढतो, त्याला तुलनेने थंड पाणी लागते आणि त्याची विष्ठाही फार असते. टेट्रा आणि गप्पी यांच्यासोबत तो ठेवणे दोघांवरही अन्याय आहे. एंजल दिसायला शांत आणि डौलदार असला, तरी पूर्ण वाढलेल्या एंजलला निऑन म्हणजे घासच वाटतो. यांपैकी एकही मासा दोन फुटी टाकीसाठी नाही. केरळच्या नद्यांतला डेनिसन बार्ब, ज्याला दुकानदार मिस केरळ म्हणतात, तोही मोठ्या टाकीत थव्याने राहणारा आणि निसर्गात संकटात आलेला मासा आहे. त्याचा मोह टाळावा.

स्वभावाचा प्रश्न मापाहून अवघड असतो, कारण तो दुकानात दिसत नाही. लोकमान्य नगरात माझ्या मावशीच्या घरी गप्पींच्या टाकीत दुकानदाराच्या शब्दावर दोन टायगर बार्ब आणून सोडले होते. तिसऱ्या दिवशी मावशीने फोन करून सांगितले की गप्पींना काहीतरी रोग झाला आहे, शेपट्या झडत आहेत. मी जाऊन टाकीपुढे शांत बसलो. गप्पीचा नर शेपटी फुलवून वळला, की मागच्या पानाआडून एक बार्ब तीरासारखा यायचा, शेपटीच्या टोकाला चिमटा घ्यायचा आणि परत पानामागे जायचा. शेपटीची कड फाटक्या पदरासारखी झाली होती आणि जिथे नुकताच चावा बसला होता, तिथे पांढरी रेघ दिसत होती. रोग कसलाच नव्हता. टायगर बार्ब हा थव्याचा मासा आहे. आठ-दहांच्या थव्यात त्यांची मस्ती आपापसांत जिरते, दोनच असले की ती शेजाऱ्यांवर निघते. त्यांना लांब शेपटीच्या किंवा संथ पोहणाऱ्या माशांसोबत कधीच ठेवू नये. सुदैवाने बार्ब हलवल्यावर काही आठवड्यांत गप्पींच्या शेपट्या बऱ्याच भरून आल्या.

यावरून दोन गोष्टी मनाशी बांधाव्यात. थव्याने राहणारे मासे किमान सहा घ्यावेत. निऑन, डॅनिओ, चेरी बार्ब आणि कोरिडोरास हे सगळे त्यात येतात. चार जातींचे दोन-दोन मासे आणले की टाकी रंगीत दिसते, पण आतला प्रत्येक मासा भेदरलेला असतो. आणि जे मासे जागा धरून राहतात, त्यांच्यातला नर एकच घ्यावा. फायटर, म्हणजेच बेट्टा, याला तर मी सामुदायिक टाकीत धरतच नाही. गप्पीची रंगीत शेपटी त्याला दुसऱ्या फायटरसारखी भासते आणि त्याच्या स्वतःच्या लांब परांना इतर मासे चावतात. त्याने एकट्यानेच राहावे हे बरे.

गप्पी आणि प्लॅटी पिल्ले घालतात, हे आनंदाचे वाटले तरी आधीच विचारात घ्यावे. गप्पीची मादी साधारण महिन्यागणिक पिल्ले देते आणि एकदा नराशी संबंध आल्यावर नर नसतानाही पुढे काही महिने देऊ शकते. ज्यांना पिल्लांची सोय करता येणार नाही, त्यांनी फक्त नर घ्यावेत. नर-मादी दोन्ही ठेवायचे असतील, तर एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात, नाहीतर एकाच मादीचा सारखा पाठलाग होऊन ती खंगते.

माझ्या स्वतःच्या आवडीचा मासा हनी गुरामी आहे, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. हा भारत आणि बांगलादेशातल्या संथ पाण्यांचा रहिवासी आहे, जेमतेम पाच सेंटिमीटरचा होतो आणि छातीखालच्या दोन दोऱ्यांसारख्या परांनी समोरची वस्तू चाचपत चालतो. नवे पान, नवा दगड, काचेला लावलेले आपले बोट, सगळ्यापाशी तो थांबतो आणि ते दोन धागे पुढे करून स्पर्शाने ओळख करून घेतो. त्याच्या डोक्यात लॅबिरिंथ नावाचे इंद्रिय असते, ज्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, कूलरच्या खोलीतही टाकीचे पाणी तिशीच्या पुढे जाते, आणि पाणी जितके गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. अशा दुपारी वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, तर सगळ्यात आधी धोका निऑनला असतो, कारण त्याला २६ अंशांपर्यंतचेच पाणी मानवते. गुरामी तो काळ काढतो. कोरिडोरासही वर झेप घेऊन हवा गिळतो आणि आतड्यातून प्राणवायू शोषतो. म्हणूनच इथल्या उन्हाळ्यासाठी निऑनपेक्षा उष्णता अधिक सोसणारे कार्डिनल किंवा एम्बर मला योग्य वाटतात. ड्वार्फ गुरामी अधिक झगमगीत असतो, पण बाजारात येणाऱ्या या माशांमध्ये एक विषाणुजन्य रोग बराच आढळतो आणि त्यावर उपाय नाही. त्यामुळे हनी गुरामीच घ्यावा. हिवाळ्यात मात्र रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा ५० वॅटचा हीटर २५ अंशांवर लावणे कोणत्याही जोडणीत गरजेचे आहे.

ठोस सांगायचे, तर बोरिंगच्या जड पाण्यासाठी माझी जोडणी अशी असते: पाच प्लॅटी, त्यांत नर एकच, आणि सहा झेब्रा डॅनिओ. डॅनिओ हा आपल्याच देशातल्या ओढ्यानाल्यांतला मासा. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो वापरला जातो. तो पृष्ठभागाजवळ धावत असतो, प्लॅटी मधल्या थरात चरत असतात. डॅनिओच्या जागी सहा नर गप्पी चालतील, पण दोन्ही एकत्र नकोत, कारण डॅनिओची धावपळ लांब शेपटीच्या गप्पीला सोसत नाही. मृदू किंवा मिसळलेल्या पाण्यासाठी आठ एम्बर टेट्रा, एक हनी गुरामी आणि तळाला सहा लहान जातीचे कोरिडोरास. तळ बारीक वाळूचाच हवा, कारण टोकदार खडीवर कोरिडोरासच्या मिशा झिजतात. त्यांना जाळीने पकडतानाही जपावे, परांचे काटे जाळीत अडकतात. पाण्यावर तरंगणाऱ्या थोड्या वनस्पती दोन्ही टाक्यांत असाव्यात.

मासे सोडण्याची घाई करू नये. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत दाणा किंवा अमोनिया थोडा थोडा घालत राहावे, चाचणीत अमोनिया आणि त्यापासून बनणारा विषारी नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की मगच पहिला थवा आणावा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी अँटिक्लोरीनचे थेंब न विसरता घालावेत, नाहीतर माशांसोबत हे जिवाणूही मरतात. आधी थव्याचे शांत मासे सोडावेत, दोन आठवड्यांनी तळाचे, आणि गुरामी सर्वांत शेवटी, म्हणजे त्याला आधीच कुणाच्या तरी वस्तीत पाहुणा म्हणून यावे लागते आणि तो सगळी टाकी स्वतःची समजत नाही. दुकानात ज्या टाकीत एकही मासा मेलेला किंवा अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असलेला दिसेल, त्या टाकीतला निरोगी दिसणारा मासाही घेऊ नये. पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, टाकीचे पाणी थोडे थोडे तिच्यात मिसळावे, मासा जाळीने सोडावा आणि पिशवीतले पाणी बाहेर फेकावे. त्या रात्री दिवा लावू नये.

पुढचे पंधरा दिवस रोज दहा मिनिटे टाकीपुढे बसून पाहावे. एखादा मासा सतत कोपऱ्यात किंवा हीटरमागे राहतो का, खायच्या वेळीही येत नाही का, कुणाचे पर मिटलेले किंवा फाटलेले आहेत का, याकडे लक्ष असू द्यावे. जोडणी चुकली आहे असे दिसले, तर त्रास देणारा मासा दुकानात परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या ओळखीच्या घरी न्यावा. सिरपूरच्या तलावात किंवा यशवंत सागरात तो कदापि सोडू नये; ही दोन्ही पाणथळ स्थळे २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आली आहेत, आणि टाकीतून सुटलेला एखादा सकर तिथल्या स्थानिक माशांचे अन्न आणि अंडी घालण्याच्या जागा बळकावतो.