बादलीत पाइप बुडवून ध्वनीचा वेग कसा मोजायचा

साहित्य थोडंच लागतं: एक इंची पीव्हीसी पाइपचा ३२ सेंमीचा तुकडा, किमान २७ सेंमी पाणी राहील अशी उंच बादली, मोबाइलवर टोन जनरेटरचं एखादं फुकट अ‍ॅप, मोजपट्टी, पर्मनंट मार्कर आणि खोलीचं तापमान दाखवणारा थर्मामीटर. तापाचा थर्मामीटर चालत नाही, खोलीचं तापमान त्याच्या पट्टीवर नसतं. नीट केलं तर उत्तर खऱ्या वेगाच्या एक टक्क्याच्या आसपास येतं.

पाइप कापताना त्याच्याभोवती कागदाची पट्टी घट्ट गुंडाळा आणि तिच्या कडेने करवत चालवा, म्हणजे काप सरळ येतो. कडा पॉलिश पेपरने घासा. खालच्या टोकाला अर्धा सेंमीची खाच पाडा. ही खाच विसरू नका: पाइप बादलीच्या तळावर टेकला की पाण्याची वाट बंद होते, आतली पातळी बाहेरच्यापेक्षा मागे राहते आणि मापं चुकतात. दोन्ही टोकं मोकळी असतील तर आतलं-बाहेरचं पाणी एकाच पातळीला असतं, म्हणून पारदर्शक नळी लागत नाही. वरच्या कडेला शून्य धरून खाली दर मिलिमीटरला नाही, तरी दर अर्ध्या सेंमीला मार्करने खूण करा.

अ‍ॅपमध्ये साइन लहर निवडा आणि वारंवारता (सेकंदाला किती कंपनं) १००० हर्ट्झ ठेवा. आवाज मध्यम असू द्या. फोनचा छोटा स्पीकर पूर्ण आवाजावर चिरकतो, मग १००० सोबत २००० हर्ट्झही निघतात आणि १२ किंवा २१ सेंमीच्या आसपास खोटी वाढ ऐकू येते. फोन दुसऱ्या कुणाला तरी धरायला द्या. स्पीकरची जाळी पाइपच्या तोंडापासून दोनेक सेंमी वर, थोडी बाजूला असावी. तोंड झाकलं गेलं तर मापच बदलतं. फोन पाण्यात पडण्याची भीती असेल तर वायरचा इअरफोन तोंडाशी टांगा.

आता पाइप जवळजवळ पूर्ण बुडवा आणि हळूहळू वर उचला. पहिले दोन-तीन सेंमी काहीच घडत नाही. मग अचानक आवाज भरून येतो, जणू तो फोनमधून नाही, पाइपमधूनच निघतोय. अजून थोडं उचललं की पुन्हा मलूल होतो. हाच अनुनाद. पाण्याच्या पृष्ठाशी हवेला मागेपुढे हलायला जागा नसते, उघड्या तोंडाशी ती सर्वात जास्त हलते. हवेच्या स्तंभाची लांबी तरंगलांबीच्या (एका पूर्ण लहरीच्या लांबीच्या) एक चतुर्थांश झाली की हे दोन्ही एकाच वेळी जमतं. पुढचा मेळ पाऊण तरंगलांबीला बसतो.

कमाल आवाज नेमका कुठे आहे हे कानाला थेट सांगता येत नाही. म्हणून वर नेताना आणि खाली आणताना आवाज जिथे स्पष्ट घटतो ते दोन बिंदू टिपा आणि त्यांचा मध्य घ्या. असं पाच वेळा करून सरासरी काढा. वाचताना डोळा पाण्याच्या पातळीला आणा: पाइपला चिकटून वर चढलेली पाण्याची कड धरू नका, सपाट भाग धरा.

लांबी म्हणजे वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर: २७ अंश सेल्सिअसला पहिल्या अनुनादाची लांबी ७.८ आणि दुसऱ्याची २५.२ सेंमीच्या आसपास मिळायला हवी.

वेग = २ × वारंवारता × (दुसरी लांबी − पहिली लांबी)
= २ × १००० × ०.१७४ = ३४८ मीटर प्रति सेकंद

वजाबाकी का, हे समजून घेण्यासारखं आहे. फक्त पहिल्या लांबीवरून, चार पट करून, वेग काढला तर ३१२ येतो, म्हणजे दहा टक्के कमी. कारण लहर पाइपच्या कडेला लगेच संपत नाही, ती तोंडाच्या थोडी बाहेरपर्यंत जाते. ही वाढ आतल्या व्यासाच्या साधारण ०.३ पट असते: २.८ सेंमी व्यासाला ०.८४ सेंमी. दोन्ही लांब्यांत ती सारखीच असल्यामुळे वजाबाकीत निघून जाते. तुमच्या मापांवरूनही ती काढा: दुसऱ्या लांबीतून पहिलीची तिप्पट वजा करून निम्मं करा. इथे ०.९ येते. एक सेंमीच्या बरीच वर किंवा ऋण आली तर मोजणी पुन्हा करायची.

पडताळ्यासाठी कोरड्या हवेतला वेग ३३१.३ + ०.६०६ × तापमान असा काढतात: २० अंशांना ३४३.४, २७ ला ३४७.७, ३५ ला ३५२.५. पावसाळ्यातल्या कोकणात, आणि पाण्यावर उभ्या असलेल्या या पाइपच्या आतही, हवा दमट असते. तेव्हा वेग मीटर-दीड मीटरने जास्त असू शकतो. हवेचा दाब मात्र हिशेबात येत नाही. महाबळेश्वरला वेग कमी मिळतो तो उंचीवरच्या विरळ हवेमुळे नव्हे, तिथल्या गारव्यामुळे.

प्रयोगासाठी बाथरूम निवडू नका. फरशांवरून परतलेल्या लहरींमुळे डोकं वीतभर हललं तरी आवाज कमी-जास्त होतो आणि पाइपचा अनुनाद त्यात हरवतो. पडदे, गाद्या, कपड्यांचं कपाट असलेली खोली चांगली. पंखा बंद, डोकं एका जागी.

शेवटी १२०० हर्ट्झवर सगळं पुन्हा करा. लांब्या ६.४ आणि २०.९ सेंमीच्या आसपास येतील, वेग तोच यायला हवा. पाच-सहा मीटरहून जास्त फरक पडला तर आधी खाच बघा, मग पाइपची वरची कड, मग फोनचा आवाज.