कोर्ट-कचेरी करताय? कोकणात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, आणि मधे कलमांची बाग कोणाची यावरून बोलणं बंद. कोकणात हे घरोघरचं, त्यामुळे आज ना उद्या कोर्टाची पायरी चढावी लागतेच. पण बरेच जण भलत्याच दारात वर्षं घालवतात, कारण कोण कोणाच्या हाताखाली हेच माहीत नसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रांताला (म्हणजे महसूल खात्याच्या उपविभागीय अधिकाऱ्याला) कोर्ट समजणं. "प्रांतांच्या कोर्टात केस चालू आहे" असं आपण सर्रास बोलतो, आणि तिथे वकील असतात, पुकारा होतो, तारखा पडतात, निकालही लागतो, मग माणसाला वाटणार काय दुसरं. पण तहसीलदार, प्रांत, कलेक्टर ही सरकारची माणसं, त्यांच्या बदल्या सरकार करतं, आणि महसुलाची ही भांडणं वर वर जात राहिली तर फाईल शेवटी महसूल मंत्र्यांसमोर सुनावणीला येऊ शकते. तालुक्याच्या कोर्टात बसणारा दिवाणी न्यायाधीश त्या लाइनीत येतच नाही. त्याच्या वर जिल्हा न्यायाधीश (रत्नागिरीला, ओरोसला, अलिबागला), मग हायकोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, आणि या अख्ख्या साखळीत मंत्री कुठेच नाही. हे मुद्दाम केलंय, राज्यघटनेच्या कलम 50 मध्ये न्यायखातं सरकारी कारभारापासून वेगळं ठेवा असं लिहिलेलंच आहे.

याचा तुमच्या बागेशी संबंध असा, की फेरफार नोंद (सातबाऱ्यावरची नावं बदलल्याची नोंद) ही मुळात महसुलाच्या कामासाठी असते, मालकी त्यावरून ठरत नाही, ती ठरवतं दिवाणी कोर्ट. लोक फेरफाराचं अपील प्रांत, अपर कलेक्टर, आयुक्त असं लढत बसतात आणि तिकडे दुसरा भाऊ बागेला कुंपण घालून मोकळा. मालकीच्या जोरावर ताबा मागायचा दावा साधारण 12 वर्षांत लावावा लागतो, फेरफाराची केस चालू आहे म्हणून ही मुदत थांबेल असं धरून चालू नका.

उलट चूकही होते बरं का. समोरचा म्हणतो मी कूळ आहे (म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा), तर तो कूळ आहे का नाही हे 1948 च्या कुळकायद्याप्रमाणे तहसीलदारच ठरवतो, दिवाणी कोर्टाला तो मुद्दा त्याच्याकडे पाठवावा लागतो. आणि वाटपाचा हुकूमनामा कोर्टाने दिला तरी शेतजमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पाडायचं काम पुन्हा कलेक्टरकडेच येतं. म्हणजे दोन्ही दारं लागतात, फक्त कुठलं कशासाठी ते वकिलाला पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा.

दुसरी चूक, आमदार. "थांब, आमदाराक फोन लावतंय" हे वाक्य तलाठ्याच्या कामात चालून जातं म्हणून लोक ते कोर्टातही वापरायला जातात. तालुक्याचा न्यायाधीश एमपीएससीची परीक्षा देऊन येतो, जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक राज्यपाल करतात पण हायकोर्टाशी सल्लामसलत करूनच, आणि खालच्या सगळ्या न्यायाधीशांच्या बदल्या-बढत्यांवर ताबा हायकोर्टाचा, घटनेचं कलम 235. आमदाराच्या हातात त्याचं काहीच नाही. हायकोर्टाच्या जजचा पगार विधानसभेत मतदानाला टाकता येत नाही, त्याच्या कामकाजातल्या वागणुकीवर तिथे चर्चाही करता येत नाही, आणि त्याला काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, शिवाय एकूण सदस्यांचं बहुमत वेगळं.

एवढी तटबंदी कशाला असं वाटत असेल तर 1977 आठवा. आणीबाणीत, 1976 ला, सरकारविरुद्ध एकट्याने वेगळा निकाल देणारे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना ज्येष्ठ असूनही सरन्यायाधीश झाले नाहीत, सरकारने त्यांना डावललं. त्याआधी 1973 मध्ये तिघांना डावललं होतं. पुढे 1993 च्या निकालाने वरच्या कोर्टातल्या नेमणुकांत जजांचाच शब्द वरचढ झाला, त्याला कॉलेजियम म्हणतात, आणि ते बदलायला आणलेला राष्ट्रीय नेमणूक आयोग सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये रद्द केला. कॉलेजियम बंद दाराआड चालतं ही तक्रार मला पटते, पण मंत्र्याच्या हातात यादी देणं त्याहून वाईट. आणि खरी अडचण निराळीच आहे, इमारत बांधायला, कारकून-बेलीफ भरायला पैसा राज्य सरकारच देतं, तिथे हायकोर्टालाही सरकारच्या मागे लागावं लागतं. मंडणगडला कोर्टाची नवी इमारत झाली ती 2025 मध्ये, बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे ज्या तालुक्यात तिथे.

निकाल विरोधात गेला की जजविरुद्ध अर्ज ठोकायचा, ही पण चूकच. निकाल पटला नाही तर अपील, दिवाणी दाव्यात जिल्हा कोर्टात 30 दिवस, हायकोर्टात 90 दिवस, आणि अर्जाचं उत्तर येईपर्यंत हे दिवस उलटून जातात. कोणी पैसे मागितले असतील तर मात्र तक्रार हायकोर्टाकडेच करायची, कलेक्टर किंवा पालकमंत्र्यांकडे नाही. जजना घरी जाऊन भेटायचा विचार तर डोक्यातूनच काढा.

सावंतवाडीवाल्यांसाठी खास: गोवा जवळ आहे म्हणून हायकोर्टाचं तिथलं खंडपीठ आपलं होत नाही, ते गोव्यापुरतं. आपला हायकोर्टाचा रस्ता पूर्वी मुंबईचा होता, 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जोडलेत. रायगड अजून मुंबईलाच. जुन्या वकिलाकडे मुंबईतली फाईल असेल तर ती आता कुठे आहे हे विचारून घ्या.

शेवटचं, लोकअदालत. भांडण मिटतं, कोर्ट फीही परत मिळते, उत्तम सोय आहे, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. त्यामुळे तडजोडीत गट नंबर, क्षेत्र, जाण्यायेण्याची वाट, विहिरीचा हिस्सा सगळं शब्दाशब्दाने वाचून मगच सही करा, आणि मुंबईतल्या भावाच्या वतीने "मी सांगतो त्याला" म्हणत सही करू नका, त्याचं कुलमुखत्यारपत्र तरी आणा, नाहीतर त्यालाच गणपतीला आला की नेऊन उभा करा.