नवं सील टाकूनही थ्रेशरच्या शाफ्टवरून तेल गळत होतं

सोयाबीनचा हंगाम तोंडावर आला की आर्णीकडे (जि. यवतमाळ) थ्रेशरच्या गिअरबॉक्सची कामं लेथवर येतात. "भाऊ, नवं सील टाकलं तरी तेल गयतेच," ही नेहमीची तक्रार. सील म्हणजे शाफ्टला घट्ट बसणारी, तेल अडवणारी रबरी कडी; तिची शाफ्टला टेकणारी आतली कड म्हणजे ओठ. सीलला दोष देण्याआधी शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा बघा.

अशाच कामाला आलेल्या एका शाफ्टवर सीलच्या जागी लांबीच्या दिशेनं नख फिरवलं तर खरखर लागत होती. उजेडात तिरपं धरल्यावर आट्यांसारख्या बारीक रेघा दिसल्या. शाफ्ट फिरताना त्याच रेघा सीलच्या ओठाखालून तेल बाहेर ढकलतात. तिथला खडबडीतपणा साधारण 0.2 ते 0.8 मायक्रॉन आर-ए (Ra, म्हणजे सरासरी खडबडीतपणा) लागतो.

नवा 40 मिमीचा शाफ्ट कातला. कमी वेगात माइल्ड स्टील टूलच्या धारेला चिकटतं आणि पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा होतो, म्हणून कार्बाइड टिप लावून 800 आरपीएम ठेवले. खरी गोम फीडमध्ये आहे, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्यात टूल किती पुढे सरकतं त्यात. रेघेची तळापासून टोकापर्यंतची उंची (ही आर-ए नव्हे, त्यापेक्षा मोठी येते) म्हणजे फीडचा वर्ग भागिले टिपच्या नोज रेडियसची, म्हणजे टोकाच्या गोलाईच्या त्रिज्येची, आठपट. 0.2 मिमी फीड आणि 0.4 मिमी रेडियसला हिशेबानं 12.5 मायक्रॉन येतात, 0.1 आणि 0.8 ला जेमतेम 1.6!

शेवटी सीलच्या जागेपेक्षा रुंद पॉलिश पेपर तेल लावून एकाच जागी धरला. तो डावीउजवीकडे सरकवला की पुन्हा तिरप्या रेघा उमटतात. पेपर बोटाला कधीच गुंडाळू नका, बोट जाईल. ग्राइंडिंगची सोय असेल तर तेच करा.

ओठाला ग्रीस लावून सील बसवलं. मळणीभर गिअरबॉक्स कोरडा राहिला.